हा आजुरा कोण?

बुसान, १२ मार्च

आप्पा,

वाकून नमस्कार. तुम्हाला दिसत नसलं तरी खरोखरच वाकले आहे.

फोन माझा आहे असं कळलं की तुम्ही तो आईच्या हातात देऊन अंगणात निघून जाता, म्हणून पत्र लिहितेय. पत्र निदान अंगणातही नेता येतं.

सोबत आईचे डबे परत पाठवतेय. रिकामं भांडं कुणाला परत करू नये हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून मोठ्या डब्यात सुकी मांदेली भरली आहेत आणि लहान डब्यात शेवाळाचे पापड. मांदेली बुसानची आहेत. मासळीला गाव नसतं असं धरून खा.

आता मुद्द्याचं. नव्या वर्षाच्या सकाळी काय झालं ते मी त्याच दिवशी रोजनिशीत लिहून ठेवलं होतं. काल पुन्हा वाचलं. मला वाटतं मी तुमच्यावर अन्याय केलेला नाही, पण तुम्हीही तपासून पाहा. मुलं तुमच्यापुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून नमस्कार करत होती. तुम्ही आशीर्वाद देऊन हेचानला विचारलंत, "मोठेपणी काय होणार रे?" नऊ वर्षांचं पोर. ते म्हणालं, "बुसानच्या बेसबॉल संघाचा पिचर होणार, आजोबा. आणि तुमच्या ग्वांगजूला हरवणार." सोदाम त्याची मोठी बहीण, तेरा वर्षांची, तिला तरी अक्कल हवी होती, पण ती म्हणाली, "आणि मी ओरडणार." तुमच्या हातातलं नव्या वर्षाच्या पैशांचं पाकीट अर्ध्या वाटेवरून परत बाहीत गेलं.

मी म्हटलं, "आप्पा, एका चेंडूसाठी?"

तुम्ही म्हणालात, "एका स्वल्पविरामासाठी तू प्रेसवाल्यांशी भांडतेस ते चालतं!"

मग तुम्ही म्हणालात की बुसानची निळी टोपी डोक्यात असेल त्यानं या उंबऱ्यात पाय ठेवू नये, आणि मी म्हटलं, चला रे. तांदळाच्या वड्यांचं सूप चुलीवर तसंच राहिलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी ते सूप प्यायलं की माणूस एका वर्षानं मोठं होतं, असं तुम्हीच आम्हाला सांगायचात. त्या हिशोबानं आमच्या घरात यंदा कुणाचंच वय वाढलेलं नाही. हेचान हे शाळेत सांगत फिरतो.

आई म्हणाली, ऑक्टोबरात तुमच्या सत्तरीचं जेवण आहे आणि तुम्ही म्हणालात, "बुसानवाल्यांसाठी पाट मांडू नका." आप्पा, सत्तरी एकदाच येते. तुमची एकुलती एक लेक आणि दोन नातवंडं नसतील तर त्या पंगतीत तुम्ही कुणाकडे बघून जेवणार?

म्हणून मी ठरवलंय. मुलांचा बाप, ग्योंगतेक, जहाजावर आहे, सप्टेंबरपर्यंत परतणार नाही. त्यांना मैदानावर न्यायला दुसरं कुणी नाही. मी स्वतः जाईन, हा काय प्रकार आहे तो समजून घेईन आणि मुलांना त्यातून हळूहळू बाहेर काढीन. मला या खेळात काडीचाही रस नाही हे तुम्ही जाणता. लहानपणी तुमचा संघ हरला की आपल्या घरात चमचेसुद्धा दबकून वाजायचे, तेव्हापासून नाही. त्यामुळे या कामाला माझ्याइतकं निःपक्षपाती माणूस मिळणार नाही. मला एक मोसम द्या.

कुमरान


बुसान, ९ एप्रिल

आप्पा,

वाकून नमस्कार.

जाऊन आले. निरीक्षणं लिहिते.

खेळ फार संथ आहे. एक माणूस चेंडू टाकण्याआधी टोपी सारखी करतो, दुसरा बॅट सारखी करतो, मग पहिला पुन्हा टोपी सारखी करतो. माझ्यासारख्या मुद्रितशोधन करणाऱ्या बाईलासुद्धा हे कंटाळवाणं वाटावं, म्हणजे बघा.

लोक मात्र संथ नाहीत. आमच्या शेजारी पाक आजी म्हणून एक बाई बसल्या होत्या. बाजारात सुक्या मासळीचं दुकान आहे. तीस वर्षं त्याच जागेवर बसतात. मी त्यांना विचारलं, "आता तो धावला का नाही?" त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मला नियम येत न्हाईत." मी म्हटलं, तीस वर्षांत? "मी बघायला येत न्हाई गं, ओरडायला येते. घरी कुणावर ओरडू? म्हातारा मेला."

ओरडण्याचंही एक शास्त्र आहे. समोरचा पिचर चेंडू टाकायचं सोडून पहिल्या तळावरच्या धावपटूला घाबरवायला तिकडेच फेकत बसला की अख्खं मैदान एका दमात ओरडतं, "मा!" इथल्या बोलीत 'ए, बास की' एवढाच अर्थ, पण वीस हजार माणसांनी म्हटलं की छातीत धडकी भरते.

आणि एक चूक झाली. तुम्ही हसाल म्हणून सांगणार नव्हते, पण हसलात तर बरंच आहे. बॅटला नीट न लागलेला एक चेंडू उडून प्रेक्षकांत आला. एका टाय लावलेल्या माणसानं तो झेलला आणि हात वर केला, तर सगळे ओरडू लागले, "आजुरा! आजुरा!" तो माणूस कावराबावरा. मी सोदामला विचारलं, "हा आजुरा कोण? परदेशी खेळाडू आहे का?"

मागच्या रांगेपर्यंत हशा गेला. पाक आजींना ठसका लागला.

"अगं आई," सोदाम तोंड लपवत म्हणाली, "आ म्हणजे पोर. जुरा म्हणजे दे. पोराला दे! इथे मोठ्या माणसानं चेंडू झेलला तर तो जवळच्या मुलाला द्यावा लागतो."

"कुठे लिहिलंय असं?"

"कुठेच नाही. नाही दिला तर ओरडतात, एवढंच."

सोळा वर्षं या शहरात राहतेय आणि हा शब्द मला माहीत नव्हता. टायवाल्या माणसानं चेंडू एका लहान मुलाला दिला, मग टाळ्या. मला मान्य करायला हवं, ते दृश्य वाईट नव्हतं. मला आपल्या कपाटावरची बरणी आठवली. प्लमच्या सरबताच्या बरणीत तुम्ही झेललेला चेंडू. मी सहावीत होते. "एकदा हातात द्या ना," म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "हात धुऊन ये." धुऊन आले. मग म्हणालात, "ही खेळायची वस्तू नाही."

असो. सातव्या-आठव्या डावाच्या सुमाराला कचरा भरायला नारिंगी प्लास्टिकच्या पिशव्या वाटतात. हे लोक त्यात हवा भरून, पिशवीचे बंद कानांमागे अडकवून, त्या डोक्यावर घालतात. मी घातली नाही.

काम अवघड आहे, पण चालू आहे.

कुमरान


बुसान, ३ जून

आप्पा,

मोहरीच्या पानांची किमची मिळाली. डब्याभोवती गुंडाळलेलं वर्तमानपत्रही मिळालं. आम्ही अकरा-दोन असे हरलो ते पान होतं आणि आकड्यांभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. आई म्हणते, "हाताला आलं ते पान गुंडाळलं." लाल पेन्सिलही हाताला आली असणार. एप्रिलपासून हा तिसरा डबा. तिन्ही वेळा आईच्या हाताला आमचेच पराभव कसे येतात?

'आमचे' असं लिहिलं ते सोयीसाठी. 'मुलांच्या संघाचे' असं दरवेळी लिहिणं लांबतं.

सोदामनं सामन्याला न्यायला एक फलक रंगवला होता. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या टीव्हीवर दिसल्या असत्या, म्हणून दुरुस्त केल्या. पण खाडाखोड वाईट दिसत होती, म्हणून नवा फलक मीच लिहिला. मग मजकूरच ढिला वाटायला लागला, म्हणून तोही बदलला. आता पाच फलक झाले आहेत. हे सगळं भाषेच्या अंगानंच झालं आहे, याची नोंद घ्यावी.

प्रगतीबद्दल: मुलांना मी समजावते आहे. मागच्या रविवारी त्यांना जेवताना म्हटलं, "शेवटी हा एक खेळ आहे. कोण जिंकलं यानं आपल्या आयुष्यात काय फरक पडतो?" हेचान म्हणाला, "मग काल सहाव्या डावात तू बाटली का आपटलीस?"

तर ती बाटली निसटली. पण मी तुम्हाला विचारते, आप्पा, त्या पोराला सहाव्या डावात पिचरच्या जागेवरून काढायची काय गरज होती? त्याचा हात ताजा होता. समोर येणारा डावखुरा होता आणि डावखुऱ्यांना तो यंदा कुणालाच सोडत नाहीये. आणला कुणाला, तर त्या लांब मानेच्या माणसाला, ज्याला थंड हवेत चेंडू धरताच येत नाही! असं आजूबाजूचे लोक म्हणत होते.

मंगळवारी मुलं शाळेच्या सहलीला गेली होती. मी काही खुलासा करण्याआधीच आई तुम्हाला सांगेल, कारण तिनं फोन केला तेव्हा मागचा गोंगाट तिला ऐकू गेला: हो, मी मैदानावर होते. एकटी. प्रेसमधून परतताना ते वाटेत पडतं. (वाटेत पडत नाही. भुयारी रेल्वेची दोन स्टेशनं उलट दिशेला जावं लागतं. खोटं लिहून मला झोप येणार नाही, म्हणून कंसात लिहितेय.)

पिशवी घातली. ऊन होतं.

कुमरान


बुसान, २७ जुलै

आप्पा,

आज थोडक्यात.

काल आम्ही नवव्या डावात हरलो. दोन बाद होते, एकच गडी उरला होता, जिंकलेलाच सामना, आणि तुमच्याच संघानं तो हिसकावला. तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या त्या जाड्या कॅचरनं मारलेला चेंडू अजून हवेत असेल.

घरी आले. भात लावला, सोयाबीनचं सूप केलं, वाढलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मुलं चमचे वाडग्याला न लावता खात आहेत. हेचाननं किमची हवी होती तर तोंडानं मागितली नाही, नुसतं बोट दाखवलं.

मी म्हटलं, "काय झालं तुम्हाला?"

सोदाम हळूच म्हणाली, "तू आजोबांसारखी दिसतेयस."

आप्पा, आजवर मला वाटायचं की संघ हरल्यावर त्या संध्याकाळी तुम्ही आमच्यावर रागावलेले असायचात. मी माझ्या बाजूनं कारणंही शोधायची: गणितात कमी गुण, तुटलेली छत्री. काल कळलं की तुम्ही रागावलेले नव्हतातच. तुम्ही त्या नवव्या डावातच राहिला होतात, घरी फक्त तुमचा सदरा परत आला होता.

मुलांना मी म्हटलं, "वाजवा रे चमचे." त्यांनी इतके वाजवले की खालच्या मजल्यावरून निरोप आला.

मुलांना त्यातून बाहेर काढण्याच्या कामाबद्दल आज काही लिहीत नाही.

कुमरान


बुसान, ८ सप्टेंबर

आप्पा,

वाकून नमस्कार.

आधी एक विचारायचंय. तुम्ही बरे आहात ना? मागच्या डब्याभोवती हवामानाचं पान होतं. लाल पेन्सिल नाही, आकडे नाहीत, नुसता पाऊस आणि वारा. मुलं घाबरली. हेचान म्हणाला, "आजोबांना डॉक्टरकडे न्यायला हवं." मी आईला फोन केला. ती म्हणाली, "धडधाकट आहेत. तुझं जुलैचं पत्र आल्यापासून जरा गप्प आहेत, एवढंच. पत्र वाचलं नाही म्हणतात, पण चष्मा त्याच्यावरच सापडला."

आता शनिवारचं. तुम्ही सामना पाहिला असेल तर पुढचं तुम्हाला ठाऊक असेल आणि माझी लाज आधीच गेली असेल. तरी माझ्या बाजूनं काय घडलं ते ऐका.

तुमचा संघ बुसानला आला होता. तुमच्या जाड्या कॅचरचा हा शेवटचा मोसम, आमच्या मैदानावरचा शेवटचा सामना. तुम्ही त्याला 'आमचं पोर' म्हणता, म्हणून मी त्याच्याकडे जरा जास्त लक्ष देते. अडतिसाव्या वर्षी कुणी पोर कसं, हा माझा जुना आक्षेप तूर्त बाजूला ठेवते.

आठवा डाव. माझ्या डोक्यावर पिशवी होती. (ऊन नव्हतं.) त्यानं बॅट फिरवली, चेंडू मागे उडाला, वरच्या मजल्याच्या कठड्यावर आपटला, तिथून जिन्याच्या कठड्यावर, आणि तिथून दमूनभागून माझ्या डोक्यावर. पिशवी फट्कन फुटली आणि चेंडू माझ्या मांडीत पडला.

आप्पा, मी आयुष्यात पहिल्यांदा या खेळाचा चेंडू हातात घेतला. वाटतो त्याहून जड असतो. लाल टाके बोटांना लागतात. एका बाजूला बॅटचा काळा ओरखडा होता. मला एकच विचार आला: हा तुमच्या पोरानं मारलेला चेंडू आहे. हा मी वर्तमानपत्रात गुंडाळून तुम्हाला पाठवणार. मग तुम्हाला बोलावंच लागेल.

आणि सुरू झालं. "आजुरा! आजुरा! आजुरा!"

मी चेंडू स्वेटरच्या आत धरला.

"बाई, दे की!" पाक आजी म्हणाल्या. त्यांना नियम येत नाहीत, पण हा येतो.

"हा माझ्या वडिलांचा आहे," मी म्हटलं.

"वडील कुठायत?"

"ग्वांगजूला."

"वय काय?"

"सत्तर होतील."

"सत्तरीचं पोर! अगं, पोराला म्हणतायत, म्हाताऱ्याला न्हाई!"

आवाज वाढत गेला. खाली मंचावर घोषणा देणारा जो मुलगा असतो, त्यानं नाच थांबवून माईक हातात घेतला. "निळ्या स्वेटरच्या काकू! डोक्यावर फाटकी पिशवी असलेल्या काकू! पोराला द्या, काकू!" मोठ्या पडद्यावर मी दिसले. तुम्हाला सांगते, मी आजवर स्वतःला इतकं मोठं आणि इतकं हट्टी कधी पाहिलं नव्हतं.

हेचान रडकुंडीला आला. "आई, दे ना! सगळे बघतायत! अब्रू गेली!"

"तूच घे मग. तूही पोरच आहेस. आपण आजोबांना पाठवू."

तो दोन पावलं मागे सरकला. "म्हणजे मी घेऊन तू ठेवणार. ही फसवणूक आहे." मग माझ्या पोटचं पोर माझ्याचकडे बोट दाखवून ओरडायला लागलं: "आजुरा! आजुरा!"

सोदाम ओरडली नाही. तिनं फक्त माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आई, आजोबा इथे असते तर त्यांनी दिला असता का?"

मी खूप विचार केला. खरं उत्तर असं आहे की नसता दिला. बरणीत ठेवला असता.

तेव्हा मला ती दिसली. दोन रांगा पुढे, आमच्या निळ्या गर्दीच्या बरोबर मध्ये, पाच-सहा वर्षांची एक मुलगी लाल टोपी घालून बसली होती. तुमच्या संघाची टोपी. शेजारी तिचे आजोबा. त्यांची टोपी खिशात होती, जरासं लाल टोक बाहेर डोकावत होतं. भोवतालची सगळी मुलं हात वर करून उड्या मारत होती आणि ही एकटी हात मांडीवर ठेवून बसली होती. आपण परक्या घरात आलोय, इथे काही मागायचं नसतं, असं कुणीतरी तिला शिकवलं होतं.

मी खाली उतरले आणि चेंडू तिच्या हातात दिला.

वीस हजार माणसं पाहत होती की बुसानच्या बाईनं चेंडू कुणाला दिला. मग कुठूनतरी वरून एकच आवाज आला, "मा!" आणि सगळे हसले, आणि मग टाळ्या. त्या आजोबांनी उभं राहून मला वाकून नमस्कार केला, मी त्यांना केला, त्यांनी पुन्हा केला. आमच्या या नमस्कारांत तुमचा कॅचर बाद झाला आणि दोघांनीही ते पाहिलं नाही.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. इतक्या वर्षांत एक चेंडू घरात येत होता आणि हिनं तो वाटून टाकला. मी घरी येऊन त्यावर विचार करत बसले. बरोबर केलं की चूक, अजून नक्की सांगता येत नाही. एवढंच सांगते की तो तुमच्यासाठी होता. तो हातातून जाईपर्यंत मला माझ्या मुलाचीसुद्धा पर्वा नव्हती.

जाऊ दे. मोसम संपत आला. मी तुमच्याकडे एक मोसम मागितला होता आणि मुलांना त्यातून बाहेर काढीन म्हटलं होतं. ते जमलं नाही. उलट आत जाऊन बसले. टोपीचं कबूल करायचं राहिलं: माझीही आहे. निळी. जूनपासून. सत्तरीला यायचं की नाही हे आता तुम्ही सांगा. नाही म्हणालात तर आम्ही येणार नाही, पण आईकडून निरोप नको. नाही म्हणायचं तर तुमच्या तोंडून म्हणा.

कुमरान


बुसान, ५ ऑक्टोबर

आप्पा,

वाकून नमस्कार. कपाळ खरोखर जमिनीला लावलं. हेचान साक्षीदार आहे. तो विचारत होता, आईचं काही पडलंय का.

तुमचं पुडकं काल आलं.

त्याआधी आईचा फोन आला होता, ते आधी सांगते, म्हणजे तिनं काय काय फोडलं ते तुम्हाला कळेल. ती म्हणाली, त्या शनिवारी तुम्ही टीव्हीसमोर उभे राहून ओरडत होतात, "देऊ नको! धरून ठेव! अगं, देऊ नको गं!" शेजारचे लोक बघायला आले. मग मी त्या लाल टोपीच्या मुलीला चेंडू दिला आणि तुम्ही खाली बसलात. आईला वाटलं, आता काहीतरी खोल बोलतील. तुम्ही म्हणालात, "हिच्या डोक्यावर ती पिशवी कसली आहे?"

आई म्हणते, दुसऱ्या दिवशी तुम्ही न्हाव्याकडे गेलात आणि तिथे सगळ्यांना विचारत होतात, "हा आजुरा कोण?" आप्पा, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तर पुडकं. टपालाच्या कागदाच्या आत वर्तमानपत्र होतं. मी आधी आकडे शोधले, सवयच झाली आहे. त्या शनिवारच्या सामन्याचं पान होतं आणि कोपऱ्यात तो फोटो: मी, फाटकी पिशवी आणि ती मुलगी. लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं, पण ते आकड्यांभोवती नव्हतं. आत बरणी होती. प्लमच्या सरबताची. आत चेंडू.

झाकणावर चिकटवलेल्या कागदावर तुमच्या अक्षरात एकच शब्द होता. बुसानच्या बोलीतला शब्द, ग्वांगजूच्या माणसाच्या हातचा: आजुरा.

त्यात एक स्वर चुकला आहे, आप्पा. मी दुरुस्त केला नाही.

मुलांनी लगेच भांडण काढलं. हेचान म्हणाला, "पोराला दे म्हणजे मला. मी सगळ्यात लहान. या वर्षी तर माझं वयही वाढलेलं नाही." सोदाम म्हणाली, "मी मोठी नात, पहिला हक्क माझा." मग तिनं पुडक्याचा वरचा कागद उलटून पाहिला. तिनं तो हेचानपुढे धरला. त्यानं पत्ता मोठ्यानं वाचला: "माझी लेक कुमरान हिला."

"म्हणजे पोर आई आहे?" त्यानं विचारलं.

"वाचता येतं ना तुला?" सोदाम म्हणाली.

हेचाननं थोडा विचार केला. मग बरणी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

मी उठून मोरीवर गेले आणि हात धुतले. दोनदा. नीट पुसले. मग झाकण उघडलं. अजून प्लमचा वास येतो.

सत्तरीला आम्ही येतोय. ग्योंगतेक परवा बोटीवरून उतरला, तोही येतोय. दारू चढली की तो तुमच्या संघाची स्तुती करतो, ती यंदा त्याला करू देणार नाही. खोटं बोलून सासऱ्याला खूश करायचे दिवस गेले. आईला सांगा, तांदळाच्या वड्यांचं सूप त्या दिवशीच कर. ऑक्टोबर असला तरी चालेल. आमचं सगळ्यांचं एकेक वर्ष तुमच्या चुलीवर राहिलं आहे. टोप्या घालूनच उंबऱ्याशी येऊ. आत घ्यायच्या की दारात काढून ठेवायच्या, ते तिथे भांडून ठरवू. समोरासमोर.

आणि बरणी परत आणतेय. चेंडू नाही, तो माझा आहे. पण रिकामं भांडं कुणाला परत करू नये. म्हणून तिच्यात मी एक वस्तू घडी करून घातली आहे. नारिंगी आहे. तिच्यात हवा कशी भरायची आणि बंद कानांमागे कसे अडकवायचे, ते हेचान तुम्हाला दाखवेल.

तुमची पोर,
कुमरान